चार्जरजवळची बॅटरी जास्त का खाते?

मोटरहोममध्ये दोन लिथियम बॅटऱ्या शेजारी ठेवल्या, धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडलं, की क्षमता दुप्पट होते, व्होल्टेज तेवढंच राहतं. समांतर जोडणीचा हा शाळेतला धडा. चार्जरने १०० अँपिअर सोडले तर दोघींना पन्नास-पन्नास, असं आपण धरून चालतो. क्लॅम्प मीटर, म्हणजे केबलीला चिमट्यासारखा लावून धारा मोजणारं यंत्र, मात्र बऱ्याचदा वेगळंच सांगतो.

घोळ असतो तो बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वीतभर केबलींत. समजा, प्रत्येक बॅटरीचा अंतर्गत रोध ४ मिलिओहम आहे आणि मधल्या दोन केबलींचा, लग (टोकाची धातूची कडी) आणि नट-बोल्टसकट, प्रत्येकी १. चार्जरच्या दोन्ही तारा पहिल्या बॅटरीलाच लावल्या तर तिच्या वाटेत ४ मिलिओहम येतात, दुसरीच्या वाटेत ६. वाटणी होते ६० आणि ४०. एक मिलिओहम म्हणजे ओहमचा हजारावा भाग, पण बॅटरीचा स्वतःचा रोधच इतका कमी, की सैल राहिलेला एक नटसुद्धा हिशेब बिघडवतो. उपाय फुकटचा आहे: धन तार पहिल्या बॅटरीला, ऋण तार दुसरीला. आता दोन्ही वाटा ५-५. चार बॅटऱ्या असतील तर अशा तिरप्या जोडणीतही मधल्या दोघी जरा उपाशी राहतात. तिथे सारख्या लांबीच्या केबली थेट जाड बसबारवर, म्हणजे सगळ्या जोडण्या एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर, आणलेल्या बऱ्या.

लेड-ॲसिडमध्ये अशी उधारी चार्जिंग होता होताच बरीच फिटते. जी जास्त भरली तिचं व्होल्टेज वाढतं आणि धारा दुसरीकडे वळते. मोटरहोममध्ये सहसा वापरली जाणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे मात्र मोठ्या पोटाचा रांजण. तळाला अरुंद, गळ्याशी अरुंद, मधे ऐसपैस. पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज. मधल्या भागात कितीही ओता, पातळी जेमतेम हलते. एक बॅटरी ३० टक्के आणि दुसरी ७० टक्के भरलेली असली तरी व्होल्टमीटरला दोघी जवळपास जुळ्या दिसतात. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी, पूर्ण भरेपर्यंत चार्ज करायची. गळ्याशी पातळी जुळली तरच भरणा जुळला म्हणायचा. भरलेली आणि रिकामी तशाच जोडल्या आणि फरक १ व्होल्टचा निघाला, तर १० मिलिओहमच्या वाटेतून क्षणात १०० अँपिअर धावतात. प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र फ्यूज हवा तो यासाठीही.

प्रत्येक बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाचा इलेक्ट्रॉनिक राखणदार असतो. एखादा सेल मर्यादेबाहेर गेला की तो आपलीच बॅटरी तोडतो, शेजारणीला न विचारता. मग चार्जरची सगळी धारा उरलेल्या बॅटरीवर येते. ५० अँपिअरची मर्यादा असलेल्या बॅटरीला १०० मिळाले, की तिचाही राखणदार दार लावतो. चार्जर निवडताना म्हणूनच दोन बॅटऱ्यांच्या मर्यादांची बेरीज धरू नये. एकटीला झेपेल तेवढंच धरावं. चार्जिंगला वेळ लागेल, लागू दे.

चालत्या गाडीत तर दोघींनी एकदम दार लावलं की अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राचा) भार अचानक सुटतो, व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जळू शकतात. मधे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरची वीज आवरून बॅटरीला देणारं उपकरण, असला की ही उसळी टळते.

थंडीत हाच खेळ वेगळ्या कारणाने होतो. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूचा थर होऊन बसतो, म्हणून चांगला बीएमएस चार्जिंग थांबवतो. गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला टेकलेली बॅटरी आधी गारठते, आतली नाही. चार्जरच्या पडद्यावर त्या सकाळीही एकूण आकडाच दिसतो; कोणती बॅटरी रुसली आहे ते केबलींना एकेक करून क्लॅम्प लावल्यावरच कळतं.