रॉयल्टी-फ्री सॅम्पल आणि मुक्त सॅम्पल

सॅम्पल म्हणजे वाद्याचे रेकॉर्ड केलेले सुटे आवाज. त्यांचा रॉयल्टी-फ्री संच गाण्यात कसा चालतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा पैसे भरले की हवी तेवढी गाणी करा, मालकाला पुन्हा काही द्यावं लागत नाही.

घोळ होतो अ‍ॅप बनवताना. रियाजाचं तबला-अ‍ॅप करायला निघालेले लोक हटकून विचारतात, "संच रॉयल्टी-फ्री आहे, मग अ‍ॅपमध्ये घातला तर काय बिघडलं?" बिघडतं ते असं. गाण्यात तबल्याचा 'ना' हा बोल बाकीच्या आवाजांत मिसळून जातो. अ‍ॅपमध्ये तोच 'ना' सुटा राहतो, बोट लावलं की वाजतो. तिथे तुम्ही दुसऱ्याचा संचच पुढे वाटत असता, आणि बहुतेक विकाऊ संचांच्या परवान्यात नेमकी यालाच मनाई असते. फाइलचं नाव बदललं, वर रिव्हर्ब (घुमारा) चढवला, तरी मनाई उठत नाही. म्हणून आधी परवान्यात 'पुनर्वितरण' शोधा, किंमत मागाहून बघा.

मुक्त सॅम्पलना ही अट नसते. आयोवा विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिक स्टुडिओजने १९९७पासून आपली ध्वनिमुद्रणं कुठल्याही कामासाठी खुली ठेवली आहेत. फ्रीसाउंड या आवाजांच्या संकेतस्थळावर मात्र फाइलगणिक परवाना वेगळा. 'नॉन-कमर्शिअल' असेल तर विकाऊ अ‍ॅपसाठी ती फाइल सोडून द्या.

आयोवाचा भर पाश्चात्त्य वाद्यांवर आहे. चांगला तबला हवा तर स्वतः रेकॉर्ड करणंच मला पटतं, आणि खर्च तिथेच आहे. बारा बोल, प्रत्येकाच्या पाच ताकदी, प्रत्येक ताकदीचे चार आघात (एकच आघात पुन्हापुन्हा आला की कान लगेच ओळखतो) म्हणजे २४० तुकडे, तेही फक्त काळी एक या एका पट्टीचे. तोच आवाज सॉफ्टवेअरने पांढरी पाचपर्यंत ओढला की शाईची आस (आघातानंतर रेंगाळणारा नाद) मरते, म्हणून दुसरा तबला लावून पुन्हा बसायचं. डग्ग्याची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज) वेगळीच, ती एका आघातात मावत नाही. त्यात एसी चालू ठेवला तर घरघर येते, बंद केला तर दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) उतरते.

वादकाला 'गाण्यासाठी' म्हणून बोलावून ते आघात गुपचूप अ‍ॅपमध्ये घालणं मला अजिबात मान्य नाही. 'सॉफ्टवेअरमध्ये वापर' हे शब्द करारात लिहा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. त्या अ‍ॅपवर रियाज करणारा उद्या साथीला त्यांना बोलावणार नाही, हे त्यांना आधी कळलं पाहिजे.