सांगाडा आपला, इंजिन परक्याचे: मध्यम आकाराच्या देशांच्या शस्त्र-स्वावलंबनाची पार्श्वभूमी

मध्यम आकाराच्या देशाने आपली शस्त्रे आपणच बनवावीत का, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी ऐरणीवर आला तो पुरवठा तुटल्यावर. स्वीडनने अमेरिकेकडून १२० ईपी-१ लढाऊ विमाने मागवली होती. त्यातली ६० मिळाली. उरलेली १९४० मध्ये अमेरिकेने स्वतःसाठी ठेवून घेतली. मग स्वीडनने पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर प्लायवूड चढवून जे-२२ विमान तयार केले आणि सप्टेंबर १९४२ मध्ये ते उडवलेही. इंजिन मात्र अमेरिकी ट्विन वास्पची विनापरवाना नक्कल होती. पुढच्या ऐंशी वर्षांतली मुख्य अडचण या पहिल्याच विमानात दिसते.

१९६७ मध्ये फ्रान्सने शस्त्रबंदी लादली आणि इस्रायलने पैसे मोजलेली ५० फ्रेंच मिराज-५ लढाऊ विमाने अडकली. तुर्कस्तानला १९६४ मध्येच अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांनी पत्र लिहून बजावले होते की अमेरिकेने दिलेली शस्त्रे सायप्रसमध्ये वापरता येणार नाहीत. १९७५ मध्ये प्रत्यक्ष शस्त्रबंदी आली आणि त्याच वर्षी ‘असेलसान’ ही लष्करी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी स्थापन झाली. दक्षिण कोरियाने संरक्षण संशोधन संस्था १९७० मध्ये काढली. १९७१ मध्ये अमेरिकेची एक अख्खी डिव्हिजन तिथून माघारी गेली.

सांगाडा, चिलखत, तोफेची नळी, रेडिओ ही कामे हे देश दहा-पंधरा वर्षांत शिकले. अडले ते इंजिनाशी. आधुनिक लढाऊ विमानाच्या टर्बाइनमध्ये शिरणारा वायू १५०० अंश सेल्सिअसच्याही वर असतो, तर पात्याचा निकेल मिश्रधातू त्याआधीच वितळतो. म्हणून पाते एकाच स्फटिकाचे ओतायचे, आतून हवेच्या वाहिन्या काढायच्या आणि वरून सिरॅमिकचा थर द्यायचा. स्फटिक वाढताना तापमानाचा उतार जरा बिघडला की भलत्या दिशेचे कण तयार होतात आणि पाते बाद होते. हे तंत्र नुसत्या नकाशांवरून उचलता येत नाही, आणि दोन-तीनशे विमानांच्या मागणीवर त्याचा खर्चही वसूल होत नाही.

दुसऱ्याचे इंजिन घेतले की त्याचा नकाराधिकारही सोबत येतो. इस्रायलच्या कफीर लढाऊ विमानात अमेरिकी जे-७९ इंजिन होते. इक्वेडोरला २४ कफीर विकण्याचा सौदा कार्टर सरकारने १९७७ मध्ये अडवला. पुढच्याच वर्षी स्वीडनचे व्हिगेन लढाऊ विमान भारताला विकू दिले नाही, कारण त्याचे इंजिनही मूळ अमेरिकी रचनेवर बेतलेले होते. तुर्कस्तानचा ३० टी-१२९ हेलिकॉप्टरांचा पाकिस्तानशी झालेला करारही इंजिनाच्या निर्यात परवान्यावाचून बुडाला. निर्यात बंद झाली की उत्पादनाची संख्या घटते आणि स्वतःच्या सैन्याला पडणारी किंमतही वाढते. हा फटका आराखडे आखताना क्वचितच धरला जातो.

रणगाड्यात गिअरबॉक्स जास्त छळतो. ५५ टनांचे धूड आणि १५०० अश्वशक्ती, वळणे आणि ब्रेक सगळे त्याच्यावरच येते. कोरियाच्या के-२ रणगाड्याला ९,६०० किलोमीटर बिघाडाविना चालणारा गिअरबॉक्स हवा होता. देशी नमुना या चाचणीत टिकला नाही, म्हणून दुसऱ्या तुकडीत कोरियन इंजिन आणि जर्मन गिअरबॉक्स अशी जोडी बसवावी लागली. तुर्की अल्ताय रणगाड्यासाठी तर जर्मनीने इंजिन आणि गिअरबॉक्स देण्याची परवानगीच दिली नाही आणि उत्पादन वर्षानुवर्षे रखडले.

इस्रायलने ३० ऑगस्ट १९८७ रोजी लावी या देशी लढाऊ विमानाचा प्रकल्प मंत्रिमंडळात १२ विरुद्ध ११ मतांनी बंद केला. तो निर्णय योग्यच होता. एका विमानापायी बाकी सगळे संरक्षण अंदाजपत्रक आक्रसत होते. त्यानंतर विमाने अमेरिकेची घ्यायची आणि क्षेपणास्त्रे, रडार, ड्रोन स्वतःचे बनवायचे, हा मार्ग पक्का झाला. स्वीडनने आपल्या ग्रिपेन लढाऊ विमानात अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ इंजिनाची सुधारित आवृत्ती वापरली. विमानाची एकूण जुळणी, सॉफ्टवेअर आणि डेटालिंक मात्र आपल्या ताब्यात ठेवले. ८०० मीटर रस्त्यावरून उडणे आणि एक तंत्रज्ञ व पाच सक्तीभरतीचे जवान यांनी दहा मिनिटांत इंधन-शस्त्रे भरणे, या त्यांच्या गरजा बाहेरच्या कुणीही त्यांच्यासाठी पुरवल्या नसत्या.

या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो दारूगोळा. जर्मनीने युक्रेनला गेपार्ड ही विमानविरोधी तोफ दिली, पण तिचे ३५ मिलिमीटरचे गोळे स्वित्झर्लंडमध्ये बनलेले होते. २०२२ मध्ये सुमारे १२,४०० गोळे पुढे पाठवायला तटस्थ स्विस सरकारने नकार दिला. मग जर्मनीत त्या गोळ्यांची नवी उत्पादनसाखळी उभारावी लागली. १५५ मिलिमीटरच्या तोफेचेही असेच आहे: गोळ्याचे पोलादी कवच घडवणे तुलनेने सोपे, पण आत भरायचे टीएनटी हे स्फोटक, नळीतून गोळा फेकणारी नायट्रोसेल्युलोजची दारू आणि त्यासाठी लागणारे कापसाचे आखूड तंतू कुठून येतात, हे बघितल्याशिवाय तोफ देशी आहे असे म्हणता येत नाही.