सम लाइक इट हॉट : एक टोळीविनोदपट आणि त्याची देशोदेशीची जाहिरात

बिली वाइल्डर दिग्दर्शित हा अमेरिकन कृष्णधवल चित्रपट मार्च १९५९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने प्रदर्शित केला. १९२९ मध्ये शिकागो येथे व्हॅलेंटाइन दिनी घडलेल्या हत्याकांडावर बेतलेल्या गोळीबाराचे साक्षीदार ठरलेले दोन वादक (टोनी कर्टिस आणि जॅक लेमन) जिवाच्या भीतीने स्त्रीवेश घेऊन बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात आणि फ्लॉरिडा गाठतात. वाद्यवृंदातच त्यांना गायिका शुगर (मेरिलिन मन्रो) भेटते, तर फ्लॉरिडात एक रंगेल लक्षाधीश आणि अखेर पाठलागावरची टोळीही त्यांच्यासमोर येते. मायामीचे म्हणून दिसणारे हॉटेल प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातील हॉटेल देल कोरोनाडो आहे.

कथेचे मूळ १९३५ च्या एका फ्रेंच चित्रपटात आणि त्याच्या १९५१ मधील जर्मन आवृत्तीत आहे. त्यांत टोळीवाले नव्हते. वाइल्डर आणि सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांनी ते आणले आणि तीच खरी करामत ठरली, कारण वेश उतरवला की मृत्यू अटळ, हे ठाऊक असल्यामुळे वेशांतराचा प्रत्येक विनोद धारदार होतो. टोळीनायकाची भूमिका जॉर्ज राफ्टने केली. १९३२ च्या 'स्कारफेस'मध्ये नाणे उडवण्याची लकब त्यानेच गाजवली होती. येथे तो एका पोरसवदा गुंडाच्या हातचे उडते नाणे हिसकावून घेतो.

जाहिरातीत मात्र बंदुका मागे पडल्या. अमेरिकन भित्तिपत्रकात मन्रो मध्यभागी आणि दोन्ही नायक तिच्या आजूबाजूला, अशी रंगीत मांडणी होती. मूळ नावातील 'गरम' हा शब्द चित्रपटात जॅझ संगीताच्या संदर्भात येतो, पण त्याची सूचकता सर्वांनाच कळत होती. इतर देशांतील वितरकांनी या नावाचे काय केले, हे मोठे रंजक आहे. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन नावे जवळजवळ शब्दशः आहेत. पोलंडमध्ये 'अर्धे थट्टेत, अर्धे गंभीरपणे' अशा अर्थाचे नाव दिले गेले, तर स्पेनमधील नावात स्कर्ट आणि वेडेपणा आला. सोव्हिएत संघात 'जॅझमध्ये फक्त मुलीच' या नावाने चित्रपट अतिशय लोकप्रिय झाला. हे नाव सर्वांत चतुर वाटते. ते वाद्यवृंदाची अट तेवढी सांगते आणि ती मोडणाऱ्या दोघांविषयी अवाक्षर काढत नाही.

अमेरिकेत चित्रपटाला निर्मिती संहितेची (चित्रपटांत काय दाखवावे याविषयी तेथील चित्रपटउद्योगाने स्वतःच घातलेल्या नियमांची) संमतिमुद्रा नव्हती, तरी प्रेक्षकांनी गर्दी केली. सहा ऑस्कर नामांकनांपैकी पारितोषिक एकच मिळाले, ते ऑरी-केली यांना वेशभूषेसाठी.

नरेंद्र बेदी यांच्या 'रफू चक्कर' (१९७५) या हिंदी चित्रपटात ऋषी कपूर आणि पेंटल यांनी हेच वेशांतर केले. येथे उल्लेखिलेल्या नावांपैकी टोळीपासून पळ काढण्याची गोष्ट फक्त या हिंदी नावातच उतरली आहे.