अनलिमिटेड म्हणजे नक्की किती? ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती नेटची पार्श्वभूमी

परवा सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच वाद झाला, अनलिमिटेड प्लॅन घेतलाय तर महिनाअखेरीला नेट रांगतं कसं. एकाचं म्हणणं नेटवाला स्पीड कापतो, दुसऱ्याचं म्हणणं राउटर जुना झालाय, तिसऱ्याने प्लॅनचा फोटोच टाकला ज्यात तळाला बारीक अक्षरात एफयूपी, म्हणजे ठरावीक वापरानंतर स्पीड कमी करायची अट, लिहिलेली होती. दोन दिवस मेसेज चालले आणि निष्पन्न काहीच झालं नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात अनलिमिटेडचा अर्थ वेगळा होता, आणि प्रत्येकाचा अर्थ कधी ना कधी खराच होता. म्हणून हे एकदा मागून पुढे लिहून काढतोय. वायफाय काय, राउटर काय, ते सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही.

सुरुवातीचं थोडक्यात. सामान्य माणसाला नेट मिळायला लागलं १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही एकाच सरकारी कंपनीकडून, खासगी कंपन्यांना दार उघडलं १९९८ च्या शेवटी. घरच्या फोनला मॉडेम लावायचा, १७२ ने सुरू होणारा नंबर डायल करायचा, आणि तो जोडला जाईपर्यंत घरात कोणी फोन उचलायचा नाही. त्या वेळी विकत मिळायचे ते तास. २५ तासांचा पॅक, ५० तासांचा पॅक, वर फोनच्या पल्सचे, म्हणजे कॉल जितका वेळ चालेल त्याचे, पैसे वेगळे. किती एमबी वापरले हे कोणी विचारत नव्हतं कारण ५६ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिटच्या, मॉडेममधून तासभरात फार तर २५ एमबी यायचे, तेही लाइन चांगली असली तर. म्हणजे अनलिमिटेडचा पहिला अर्थ होता तास न मोजणं. घड्याळाकडे न बघता बसता येणं. हा अर्थ लक्षात ठेवा, कारण आमच्या वडिलांच्या वयाची माणसं आजही त्याच अर्थाने विचारतात, "दिवसभर चालू ठेवलं तर बिल वाढेल का रे?"

मग ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ते पहिल्यांदा लिहून ठेवलं गेलं: कायम चालू असणारं कनेक्शन, आणि डाउनलोडचा वेग किमान २५६ केबीपीएस. लक्ष्य होतं २०१० पर्यंत २ कोटी कनेक्शनचं, ते निम्म्याच्या आसपासच गाठलं. पण २००५ मध्ये फोनच्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू झालं आणि आपल्याकडे एक गंमतशीर सीमारेषा तयार झाली. ठाणे आणि नवी मुंबई ०२२ या फोन कोडवाले, मुंबईच्या टेलिफोन कंपनीच्या हद्दीतले. गाडीने मुंब्रा ओलांडून डोंबिवलीला उतरलं की ०२५१, दुसरी सरकारी कंपनी, प्लॅन वेगळे, दर वेगळे. माझा मामा डोंबिवलीचा, आम्ही ठाण्यातल्या वर्तकनगरचे, आणि दिवाळीत भेटलो की तुमच्याकडे किती एमबी देतात यावर बोलणं ठरलेलं.

आणि इथेच मोजमाप बदललं. कनेक्शन कायम चालू म्हटल्यावर तास मोजण्यात अर्थ उरला नाही, मग मोजायला घेतला डेटा. स्वस्तातल्या प्लॅनला महिन्याला ४०० एमबी वगैरे कोटा असायचा, त्याच्या वर प्रत्येक एमबीला पैसे. हिशोब करून बघा, २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ केबी, त्या वेगाने ४०० एमबी साडेतीन तासांत संपतात. महिन्याचा कोटा, साडेतीन तासांत! विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ एकटाच २६६ एमबीचा होता, तो उतरवला की अर्धा महिना गेलाच समजा. लोकांना वाटायचं केबीपीएस आणि केबी एकच, २५६ चं कनेक्शन आहे आणि डाउनलोडच्या खिडकीत ३२ च दिसतंय म्हणून तक्रार करायचे, आठ बिट मिळून एक बाइट होतो हे कोणी समजावून सांगत नसे. बिल बघून हादरलेली कितीतरी घरं मला माहितीयेत. मग नाइट अनलिमिटेड प्लॅन आले. रात्री ठरावीक वेळात वापरलेलं मोजायचं नाही, त्यामुळे आमच्या मजल्यावर तीन घरांत रात्रभर कॉम्प्युटर चालू असायचे, मॉनिटर बंद आणि खाली डबा घरघरतोय. अनलिमिटेडचा दुसरा अर्थ हा. एमबी न मोजणं, पण फक्त लोक झोपलेले असताना.

ह्याच काळात आला नेटवाला, आणि ठाणे-नवी मुंबईच्या नेटची खरी गोष्ट माझ्या मते ह्या माणसाची आहे. मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही. तो आधी केबलवाला होता, टीव्हीची वायर गच्चीवरून त्यानेच ओढली होती, सोसायटीचा सेक्रेटरी त्याच्या ओळखीचा, त्यामुळे परवानगी वगैरे प्रश्नच नाही. वरून एखाद्या कंपनीची बँडविड्थ घ्यायची, पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याच्या पेटीत स्विच, म्हणजे एक लाइन अनेक वायरींत वाटणारा डबा, ठेवायचा, आणि तिथून निळ्या-करड्या कॅट फाइव्ह वायरी खाली सोडायच्या. ह्या वायरीला एका टप्प्यात १०० मीटरच्या वर नेता येत नाही, म्हणून दर दोन-तीन बिल्डिंगांमागे एक पेटी. म्हाडाच्या चार मजली इमारती त्याला सोयीच्या, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायर टाकता येते. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतीत तर घरं इतकी खेटून की वायर खिडकीतून खिडकीत जायची. वाशी-नेरूळच्या मोठ्या सोसायट्यांत आधी कमिटीशी बोलावं लागायचं, मग डक्टमधून.

जूनच्या पहिल्या विजा चमकल्या की ह्या उघड्या वायरींमधून झटका यायचा आणि स्विचचे पोर्ट, कधी घरातलं लॅनकार्डही जायचं. पहिला पाऊस आला की आई आधी नेटची वायर काढायला सांगायची, मग वाळत घातलेले कपडे. नवा लॅपटॉप घेतला तर नेटवाल्याला फोन करून मॅक, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, रिसेट करून घ्यायचा, नाहीतर लॉगिनचं पानच उघडायचं नाही. पण रविवारी रात्री अकराला फोन उचलणारा तोच होता. "दादा, पाच मिनिटं द्या, गच्चीवर जातो" हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला आजच्या बॉटशी बोलताना काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

नेटवाल्याने विकला अनलिमिटेडचा तिसरा अर्थ, आणि तो सगळ्यात सरळ होता. स्पीड कमी, पण वापरा किती हवं तितकं, महिन्याचे पैसे ठरलेले. ७०० एमबीची फाइल २५६ वर सहा तासांनी उतरायची, पण उतरायची, आणि बिलाची भीती नसायची. कॉलेजमधल्या आमच्यासारख्या पोरांना हेच हवं होतं. आजही मला वाटतं की प्रामाणिक अनलिमिटेड तेवढंच होतं, नळ बारीक होता पण बंद होत नव्हता.

मग स्पीड वाढले, १ एमबीपीएस, २ एमबीपीएस, आणि त्यांच्यामागोमाग एफयूपी आला. फेअर युसेज पॉलिसी. ठरावीक जीबीपर्यंत पूर्ण स्पीड, त्यानंतर नेट चालू राहणार, जादा पैसे नाहीत, फक्त स्पीड खाली. इथे थांबून नीट बघायला हवं कारण सगळा गुंता इथला आहे. कंपन्यांचं म्हणणं असं की लाइन सगळ्यांची मिळून असते, थोडे लोक दिवसरात्र टॉरेंटवरून मोठमोठ्या फाइली उतरवतात आणि बाकीच्यांना वेग मिळत नाही. यात खोटं काही नाही. २००९ मध्ये दूरसंचार नियामकाने घरगुती ग्राहकांसाठी १:५० असं वाटणीचं प्रमाण सांगितलं होतं, म्हणजे तुमच्या नळावर पन्नास जण असू शकतात हे अधिकृतच होतं. शेजाऱ्याचाही विचार करायला हवा, कबूल. पण मग त्याला मर्यादा म्हणा ना! मर्यादा घालायची आणि पाटीवर अमर्याद लिहायचं, आणि वर विचारलं तर सांगायचं की नेट बंद कुठे केलंय, चालूच आहे. वाद वेगावर नव्हता, शब्दावर होता, आणि शब्दाच्या बाबतीत ग्राहकच बरोबर होता असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात लोकांच्या तोंडी ह्या एफयूपीचं काय झालं बघा. कोणी म्हणतं "माझा एफयूपी संपला", कोणी म्हणतं "मला एफयूपी लागला", आणि दोघांचंही झालंय एकच. पहिल्याला एफयूपी म्हणजे कोटा, दुसऱ्याला एफयूपी म्हणजे हळू झालेलं नेट. नेटवाल्याचा पोरगा दोन्ही अर्थाने वापरतो. "सर तुमचा एफयूपी झालाय, वाढवून देऊ का?" म्हणजे कोटा वाढवायचा की शिक्षा, फोनवर कळायला मार्गच नाही. आमच्या ग्रुपवरचा निम्मा वाद ह्यातूनच झाला.

नियामकाने यात हात घातला तो २०१२ मध्ये. ग्राहकाला मर्यादा आधी स्पष्ट सांगा आणि एफयूपीनंतरही स्पीड २५६ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. ठीक. पण जुलै २०१३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्याच ५१२ वर गेली, आणि एफयूपीनंतरची तळरेषा ५१२ व्हायला ३१ ऑक्टोबर २०१६ उजाडला. मधली तीन वर्षं असं होतं की महिन्याच्या वीस तारखेपर्यंत तुमच्याकडे ब्रॉडबँड असायचं आणि एकवीसला जे उरायचं ते सरकारच्याच व्याख्येत ब्रॉडबँड नव्हतं, पैसे मात्र पूर्ण महिन्याचे. २०१६ च्या त्याच आदेशात ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवा असंही आलं. आज येणारे ते मेसेज तिथून आलेत, कोणी मेहेरबानी म्हणून पाठवत नाही. आणि व्याख्येचं म्हणाल तर २०१२ च्या दूरसंचार धोरणात २०१५ पर्यंत २ एमबीपीएस करू असं लिहिलं होतं, ते प्रत्यक्षात झालं जानेवारी २०२३ मध्ये.

२०१६ चा सप्टेंबर सगळ्यांना आठवतो, घणसोलीत मोठं आवार असलेल्या कंपनीने ४जी फुकट वाटलं आणि सायबर कॅफे, नेट पॅक, नाइट प्लॅन सगळं एकदम जुनं झालं. नेटवाल्यांचे कितीतरी ग्राहक त्या दिवाळीत सुटले. पुढे काचेच्या तारेचा फायबर आला, तांबं गेलं, त्यामुळे विजांचा प्रश्नही बराचसा मिटला. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं आणि घरातच ऑफिस, शाळा, भजनी मंडळ सगळं आलं, तेव्हा मोबाइलच्या भरवशावर नेट काढून टाकलेले लोक परत नेटवाल्याचा नंबर शोधत होते. आमच्याकडे दोन खोल्यांत चार मीटिंग चालायच्या. लोड इतका की व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी मोबाइलवर एचडी काही आठवडे बंद ठेवलं.

आज फायबरच्या बऱ्याच अनलिमिटेड प्लॅनच्या तळाशी ३३०० जीबी लिहिलेलं असतं. ग्रुपवर हा आकडा बघून काही जण चिडले, पण हिशोब करा, दिवसाला ११० जीबी होतात, एचडी पिक्चर तासाला ३ जीबी खातो असं धरलं तर दिवसाला ३६ तास बघावं लागेल. साध्या घराला ही मर्यादा लागतच नाही, त्यामुळे आमच्या ग्रुपवरच्या त्या गृहस्थांचं नेट रांगत होतं ते नक्की एफयूपीमुळे नव्हे, असं माझं मत. त्यांचा प्लॅन ३३०० चा आहे, घरात माणसं दोन. उलट घोडबंदर रोडच्या काही टॉवरांत बिल्डरने एकाच कंपनीला आत घेतलंय आणि दुसरा प्लॅन घ्यायची सोयच नाही, ही आजची जास्त खरी अडचण आहे. पण ३३०० सुद्धा आकडाच आहे. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालवली तर तो सुमारे ७३ तासांत संपतो. आणि गच्चीवर डबी लावून हवेतून मिळणाऱ्या ५जी कनेक्शनला साधारण १००० जीबीच असतात, नाव तिथेही तेच.

ही सगळी तळरेषेची भानगड तारेच्या नेटची. मोबाइलवर ती लागू नाही. तिथे ५जी आधी बहुतेक प्लॅनवर अनलिमिटेड होतं, जुलै २०२४ पासून मोठ्या कंपन्यांनी ते दिवसाला २ जीबी किंवा वरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. माझ्या मावशीचा प्लॅन १.५ जीबीचा. ऐरोलीला राहते, रबाळे-महापेची मोठी डेटा सेंटर तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. दुपारी कीर्तनाचे व्हिडिओ बघून होतात, चारच्या सुमारास १०० टक्के वापराचा मेसेज येतो, आणि मग रात्री बारापर्यंत तिला मिळतो ६४ केबीपीएस. आमच्या जुन्या मॉडेमवर ५६ लिहिलेलं होतं.