गोल्डफिशच्या टाकीत जिवंत झाडं: निवड, लावणी आणि निगा

गोल्डफिश पाळणाऱ्या ग्राहकाला जिवंत रोप दाखवलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "नको, दोन दिवसांत फस्त करतात." हा अनुभव खरा आहे. पण त्यावरून गोल्डफिशच्या टाकीत फक्त प्लॅस्टिकची झाडंच चालतात असं ठरवून टाकू नका. गोल्डफिश मऊ पान खातात आणि वाळू उकरतात. त्यामुळे कबोम्बासारखं नाजूक रोप वाळूत खोचलं तर ते टिकणारच नाही. पान जाड आणि चिवट असेल, मुळं दगडाला धरलेली असतील, तर तेच मासे त्या रोपाशेजारी वर्षानुवर्षं राहतात. रोप कोणतं निवडलं आणि ते कुठे बसवलं, यावरच जवळजवळ सगळं ठरतं. हे पत्रक त्यासाठीच आहे.

मासे असं का वागतात

गोल्डफिश हे रोहू-कटलाच्याच कुळातले, म्हणजे कार्प मासे. तळाची वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाण्याजोगं ठेवून बाकीचं थुंकायचं, ही त्यांची जन्मजात सवय आहे, खोडी नाही. त्यांचे दात घशात असतात आणि त्यांना जठर नसतं. त्यामुळे एकदाच भरपूर खाऊन ते थांबत नाहीत, दिवसभर थोडंथोडं चरत राहतात. हिरवं काही मिळालं नाही की त्यांचा मोर्चा रोपांकडे वळतो.

म्हणून रोपं आणण्याआधी माशांच्या खाण्यात भाजी आणा. उकडून साल काढलेला मटार, उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान, काकडीची पातळ चकती, यातलं काहीतरी आठवड्यातून तीन-चार वेळा द्या. मीठ-मसाला अजिबात नको, आणि उरलेला तुकडा तासाभरात काढून टाका. लांब, एकेरी शेपटीचे कॉमेट आणि शुबनकिन जास्त चपळ असतात आणि जास्त उकरतात. ओरांडा, रांचू, ब्लॅक मूर हे तुलनेने शांत. तुमच्याकडे कोणते आहेत ते सांगितलंत तर रोप सुचवणं आम्हाला सोपं जातं.

झाडांचा फायदा काय

दिसायला छान, हे आहेच. पण आम्ही जिवंत झाडांचा आग्रह धरतो तो पाण्यासाठी. गोल्डफिश खूप घाण करतात. त्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो आणि तो थोडासुद्धा त्यांना घातक असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खत म्हणून शोषतात. ज्या पाण्यावर मासे आजारी पडले असते, त्याच पाण्यावर झाडं वाढतात. तरीही फिल्टर बंद करू नका आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं चुकवू नका. झाडं मदत करतात, पण सगळा भार त्यांच्यावर टाकता येत नाही.

टाकीचा आकारही इथेच बोलायला हवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण 56 लिटर पाणी मावतं. दोन गोल्डफिशना ते अपुरं आहे. तीन फूट बाय एक फूट बाय दीड फूट टाकीत सुमारे 127 लिटर मावतं. दोन माशांना आणि झाडांना आम्ही हीच टाकी सुचवतो. गोल भांड्यात गोल्डफिश ठेवू नका. त्यात झाडं लावूनही फरक पडत नाही.

कोणती रोपं घ्यावीत

पहिल्यांदाच लावत असाल तर अनुबियास आणि जावा फर्न, एवढीच दोन घ्या. अनुबियास मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं, पान चामड्यासारखं कडक. मासे एकदा चावून बघतात आणि सोडून देतात. वाढ फार सावकाश, महिन्याला एखादं नवीन पान आलं तरी ते रोप उत्तम चाललंय असं समजा. जावा फर्न आग्नेय आशियातलं, थोडं लवकर वाढतं. त्याच्या पानांखाली रांगेत काळे-तपकिरी ठिपके येतात आणि जुन्या पानाच्या टोकाला पिल्लू रोपं फुटतात. ठिपके हा रोग नाही, तिथे बीजाणू असतात. पिल्लांना मुळं फुटली की ती अलगद तोडून दुसऱ्या दगडावर बांधा, नवीन रोप विकत घ्यायची गरज नाही.

जरा सराव झाला की वॅलिस्नेरिया घ्या. लांब रिबिनीसारखी पानं असलेलं हे रोप आपल्याकडच्या तळ्यांतही सापडतं. बोअरचं जड पाणी त्याला चालतं, उलट मानवतं. एकदा रुजलं की धावते फुटवे सोडून पसरतं. हॉर्नवर्टला मुळंच नसतात, ते नुसतं तरंगत सोडायचं. मासे कुरतडतात, पण ते खाण्यापेक्षा वेगाने वाढतं आणि अमोनिया झपाट्याने शोषतं. उन्हाळ्यात त्याच्या बारीक सुया गळतात आणि फिल्टरच्या जाळीत अडकतात, तेवढं लक्ष ठेवा.

मनी प्लांटचा उपयोग फार थोडे लोक करतात, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटतं. फांदीची मुळं पाण्यात आणि पानं टाकीबाहेर ठेवा. हवेतून कार्बन डायऑक्साइड मिळत असल्यामुळे ते जोमाने वाढतं आणि पाण्यातलं नायट्रेट ओढून घेतं. पानं मात्र पाण्यात जाऊ देऊ नका, ती सडतात आणि खाण्यासारखी नसतात.

एक इशारा. लकी बांबू, ड्रॅसिना, सिंगोनियम ही जमिनीवरची झाडं काही ठिकाणी टाकीसाठी म्हणून विकली जातात. पूर्ण बुडवली की काही आठवड्यांत ती कुजतात आणि पाणी खराब करतात. आम्ही ती टाकीसाठी विकत नाही.

लावणी

अनुबियास आणि जावा फर्नला हळकुंडासारखा आडवा कंद असतो. पानं त्याच्या वर फुटतात, मुळं खाली. हा कंद वाळूत पुरू नका. पुरला की तो मऊ पडून सडतो आणि पाठोपाठ पानं सुटून तरंगायला लागतात. आमच्याकडे परत येणाऱ्या रोपांमधलं नेहमीचं कारण हेच असतं. कंद दगडावर किंवा ड्रिफ्टवुडवर (टाकीत ठेवायच्या लाकडावर) ठेवून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधा. साधा सुती दोरा मुळं धरायच्या आधीच कुजू शकतो आणि गोल्डफिश तो ओढतातही. सायनोॲक्रिलेटचा (झटपट चिकटणारा, सुपरग्लूसारखा) जेल गोंदही चालतो: कंदाची खालची बाजू फडक्याने टिपा, दोन थेंब लावा, मिनिटभर दाबून धरा आणि पाण्यात सोडा. गोंद पाण्यात पांढरा दिसतो, तो अपाय करत नाही.

वॅलिस्नेरिया थेट टाकीच्या वाळूत लावलं तर सकाळी ते वर तरंगताना दिसेल. लहान मातीच्या कुंडीत धुतलेली जाड रेती भरा, मुळांशी खताची एक गोळी ठेवा, रोप लावा आणि वर माशाच्या तोंडात मावणार नाहीत असे गोटे रचा. पानं जिथून फुटतात तो पांढरट भाग रेतीच्या वर राहिला पाहिजे. ही कुंडी दोन-तीन आठवडे उजेडातल्या वेगळ्या बादलीत ठेवली आणि मुळं धरल्यावर टाकीत नेली तर रोप हमखास टिकतं. बादलीत ठेवल्याने गोगलगायींची पिल्लंही आधीच नजरेस पडतात.

टाकीच्या तळाला बारीक वाळू घाला किंवा मोठे गोटे. वाटाण्याच्या आकाराचे खडे नकोत, ते गोल्डफिशच्या घशात अडकतात. झाडांसाठी मिळणारी खास माती फक्त झाडांच्या टाकीला ठीक आहे. गोल्डफिश ती उकरून पाणी गढूळ करतात.

पहिला महिना

नर्सरीत ही रोपं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर त्यांची जुनी पानं पिवळी पडून विरघळतात आणि पाण्याला जुळवून घेतलेली नवीन पानं येतात. अशा वेळी खराब पानं कात्रीने काढा, पण रोप फेकू नका. कंद बोटाने दाबून बघा. टणक असेल तर रोप जिवंत आहे.

उजेड, खत आणि पाणी

एलईडी दिवसाला सहा ते आठ तास पुरे. टायमर लावलात तर वेळ चुकत नाही. टाकीवर थेट ऊन नको. अनुबियासची पानं इतकी सावकाश वाढतात की जास्त उजेडात त्यांच्यावर शेवाळ बसतं, म्हणून ते ड्रिफ्टवुडच्या सावलीत लावा. वॅलिस्नेरियाला उजेडाखालची जागा द्या.

गोल्डफिशच्या टाकीत नायट्रोजन भरपूर असतो. कमतरता पडते ती पोटॅशियमची आणि लोहाची. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी, नवीन पान फिकट आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी. द्रवखत बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. "लिक्विड कार्बन" म्हणून मिळणारं द्रव्य वॅलिस्नेरियाला सोसत नाही, पानं वितळतात. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तर गोल्डफिशच्या टाकीला जोडूच नका. या माशांना ऑक्सिजन जास्त लागतो आणि या रोपांना तो वायू वेगळा देण्याची गरजही नसते.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला अँटिक्लोरीन घाला. उन्हाळ्याचं मात्र खास सांगायला हवं. गोल्डफिशला 18 ते 24 अंशांचं पाणी मानवतं आणि एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात टाकीचं पाणी 30 च्या पुढे सहज जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि दिवा बंद झाल्यावर झाडंही ऑक्सिजन वापरतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसले तर कारण हेच. एअर पंप रात्री बंद करू नका, झाकण काढून पाण्यावर पंख्याचा वारा येऊ द्या, आणि वीज जाते अशा भागात बॅटरीवरचा पंप जवळ ठेवा. पाणी पटकन थंड करण्यासाठी बर्फ टाकू नका, तापमानाचा धक्का माशांना सोसत नाही.

औषध देताना

मासा आजारी असेल तर मिठाचा उपचार वेगळ्या टबात करा. मिठाने हॉर्नवर्ट लवकर खराब होतं. तांबं असलेली औषधं झाडांनाही मारक ठरतात आणि फिल्टरच्या जिवाणूंनाही जड जातात. बाटलीवरचं लेबल समजलं नाही तर टाकीत ओतण्याआधी आम्हाला दाखवा.

वाढलेली झाडं

कापलेलं हॉर्नवर्ट किंवा वॅलिस्नेरिया नदीत, विहिरीत, तळ्यात टाकू नका. मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी आपल्या नद्यांवर कशी पसरली आहे, ते पुणे-पिंपरीच्या मुळा आणि पवनेच्या काठी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. छाटलेला पाला कुंडीतल्या झाडांना घाला, उत्तम खत होतं. रुजलेलं रोप जास्त झालं असेल तर दुकानात आणा, त्याच्या बदल्यात दुसरं घेऊन जा.

आमच्याकडून घेतलेल्या अनुबियास किंवा जावा फर्नचा कंद महिन्याभरात मऊ पडला, तर तो बांधलेल्या दगडासकट घेऊन या. आम्ही रोप बदलून देऊ. शक्य असेल तर टाकीचं एक बाटली पाणीही आणा, ते इथेच तपासून देतो.