पडद्यावरची चित्रे आणि नळाखालचे हात

‘हात धुऊन ये’ ही सूचना बहुतेक मुलांच्या लेखी एकच असते. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या अनेक मुलांना मात्र त्या तीन शब्दांत दडलेल्या सात-आठ कृतींचा क्रम लक्षात ठेवणे आणि एक कृती थांबवून पुढची सुरू करणे अवघड जाते. बोललेला शब्द कानावर पडताच विरून जातो. चित्र समोर टिकून राहते आणि मूल त्याच्याकडे हवे तितक्या वेळा पाहू शकते. दृश्य संकेत देणारी मोबाइल ॲप्स या साध्या फरकावर उभी आहेत.

ही कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने १९७२ साली आकाराला आलेल्या ‘टीच’ या स्वमग्न मुलांसाठीच्या कार्यक्रमात दिवसाचा क्रम चित्रांनी मांडून दाखवण्यावर भर होता. १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी जी पद्धत तयार केली, तिच्यात न बोलणारे मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हातात देऊन ती वस्तू मागते. त्यासाठी वापरली जाणारी वेल्क्रो लावलेली लॅमिनेटेड कार्डे आजही तितकीच उपयोगी आहेत. ॲपने त्यांत भर घातली ती आवाजाची, सरत जाणाऱ्या रंगीत चकतीच्या टायमरची आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याची.

कॅमेरा महत्त्वाचा अशासाठी, की परदेशी ॲपमधल्या तयार चित्रांत बाथटब असतो, बादली-तांब्या नसतो. सँडविच असते, पोळी-भाजीचा डबा नसतो. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या मुलाला त्याच्याच घरातल्या बेसिनचा फोटो दाखवला, तर चित्राची वस्तूशी सांगड घालण्याचे एक काम वाचते. तो फोटो मात्र विचारपूर्वक काढावा लागतो. काही स्वमग्न मुलांचे लक्ष दृश्यातल्या एखाद्याच तपशिलावर खिळते, आणि मागे लटकलेला चौकड्यांचा टॉवेल फोटोत आला, तर नळ सोडायचे राहून मूल टॉवेलच धरून बसू शकते. म्हणून पार्श्वभूमी मोकळी असावी, मुलाला स्वतःचे हात जसे दिसतात तशा कोनातून फोटो काढावा आणि एका फोटोत एकच कृती असावी: नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, हात चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे. यांतले ‘नळ बंद करणे’ मोठ्यांच्या यादीतून सहज सुटते. मग पाणी वाहत राहते आणि दोष मुलाच्या माथी येतो.

घराबाहेर पडल्यावर क्रमाइतकीच गरज असते ती पुढे काय होणार हे आधी कळण्याची. पुण्यात वनाझहून मेट्रोने निघाले, की आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप आणि गरवारे कॉलेज ही स्थानके ठरल्याप्रमाणेच येतात. ॲपमध्ये त्यांचे फोटो ओळीने लावून प्रत्येक स्थानकाला एकेक बाजूला सारता येतो. गणेशोत्सवात रस्ते बंद होऊन पीएमपीची बस भलत्याच वाटेने जाते, तेव्हा असा ठरलेला क्रम मोडतो. त्यासाठी वेळापत्रकात ‘बदल’ असे एक वेगळे चित्र ठेवतात, आणि त्याची सवय आधी सुखद बदलांनी लावतात, उदाहरणार्थ अभ्यासाच्या जागी अचानक झोपाळा. ते चित्र पहिल्यांदाच चुकलेल्या बसच्या दिवशी दाखवले, तर त्याची धास्तीच बसण्याची शक्यता अधिक.

संशोधनाचा आधार पाहिला, तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातीलच एका गटाने २०२० साली पुराव्याने सिद्ध म्हणून स्वीकारलेल्या २८ पद्धतींत दृश्य आधारांचा, म्हणजे अशा चित्रसंकेतांचा, समावेश आहे. मात्र पद्धत सिद्ध झाली म्हणून तिच्या नावाने येणारे प्रत्येक ॲप सिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये सहा वर्षांखालील ५४ स्वमग्न मुलांवर आयपॅडमधील सामाजिक कौशल्यांच्या एका खेळाची चाचणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालकांबरोबरच्या प्रत्यक्ष खेळातील संवादात त्यामुळे फरक पडलेला आढळला नाही. पडद्यावर योग्य जागी बोट ठेवता येणे आणि माणसाकडे पाहून काही मागता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. माझ्या मते म्हणूनच मुलाला पडद्यात गुंतवणाऱ्या ॲपपेक्षा पडद्यावरून नळाकडे पाठवणारे ॲप केव्हाही बरे.

संवादासाठीच्या ॲप्सबद्दल पालकांना वेगळीच भीती वाटते, की चित्र दाबून काम भागले तर मूल बोलायचेच नाही. या प्रश्नावरील अभ्यासांचा २००६ साली आढावा घेतला गेला, तेव्हा भक्कम पुरावा असलेल्या उदाहरणांत कोणाचेही बोलणे कमी झालेले आढळले नाही. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच. आयआयटी मुंबईने तयार केलेले ‘जेलो’ हे ॲप मराठीतही चालते, आणि आजीने घरात वापरलेला शब्दच फोनमधून ऐकू येणे ही लहान गोष्ट नाही.

संकेत कधी काढून घ्यायचा, हे बहुतेक ॲप्स सांगत नाहीत. सात फोटोंनी सुरुवात झाली आणि मूल पहिल्या तीन कृती न पाहता करू लागले, की ते तीन फोटो वगळावेत, उरलेले हळूहळू लहान करावेत आणि शेवटी बेसिनपाशी एखादेच चित्र ठेवावे. नाही तर हात धुण्याआधी फोन शोधण्याची आठवी पायरी तयार होते. सरावाच्या वेळी फोन एकाच ॲपपुरता बांधून ठेवण्याची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे. ती वापरली नाही, तर मूल दुसऱ्या मिनिटाला व्हिडिओंवर पोहोचते. शाळेत फोन चालत नसेल, तर तेच फोटो छापून, लॅमिनेट करून बाईंकडे द्यावेत आणि घरी एखादा फोटो वगळला, की शाळेतल्या संचातूनही तो काढायला सांगावे.