राखेने जपलेले शेतकऱ्यांचे गाव

स्पॅनिश लोक अमेरिकेत येण्यापूर्वीच्या संस्कृती पाहायला जाणारा प्रवासी बहुधा पिरॅमिड आणि राजांचे शिलालेख पाहून परततो. एल साल्वादोरमधील होया दे सेरेन येथे मात्र साध्या शेतकऱ्यांची घरे, स्वयंपाकघरे आणि शेते दिसतात, आणि माझ्या मते माया या मध्य अमेरिकेतील प्राचीन संस्कृतीच्या जगाची खरी ओळख इथे अधिक जवळून होते.

सुमारे 1400 वर्षांपूर्वी जवळच्या लोमा काल्देरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हे गाव काही मीटर जाडीच्या राखेखाली गाडले गेले. 1976 मध्ये धान्याची कोठारे बांधण्यासाठी जमीन सपाट करताना बुलडोझरला जुन्या घरांचे अवशेष लागले. ते इतके सुस्थितीत होते की प्रथम अलीकडचेच वाटले. पेसन शीट्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी 1978 मध्ये काम सुरू केले, आणि छपराच्या जळक्या गवताच्या कार्बन चाचणीने या अवशेषांचे खरे वय उघड केले. पुढे देशातील यादवी युद्धाने काम काही वर्षे रखडले. 1993 मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कुडाच्या भिंती आणि गवताची छपरे उष्ण, दमट हवेत सहसा टिकत नाहीत. इथे ती टिकली, कारण ज्वालामुखीतील वितळलेला खडक पाण्याला भिडून वाफेने भारलेली बारीक, ओलसर राख उसळली आणि प्रत्येक वस्तूला घट्ट चिकटून बसली. आतली झाडे कालांतराने कुजून गेली, पण त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राखेत तशाच राहिल्या. संशोधक त्यांत दंतवैद्य वापरतात तसले प्लास्टर ओततात आणि ते घट्ट झाल्यावर भोवतालची राख काढतात, तेव्हा मक्याचे कणीस, घायपाताचे रोप, कधी तर दोरीचा वेढाही समोर येतो. नष्ट झालेल्या वस्तूची तिच्या रिकाम्या जागेवरून नोंद घेणारी ही पद्धत मला पुरातत्त्वातील अत्यंत सुंदर पद्धतींपैकी एक वाटते.

या पुराव्यांवरून उद्रेकाची वेळही ताडता येते. मका पक्व झालेला होता, म्हणून महिना ऑगस्टच्या सुमाराचा असावा. जेवणाची भांडी न धुता ठेवलेली होती आणि झोपायच्या चटया अंथरलेल्या नव्हत्या, त्यामुळे ती संध्याकाळ असावी. आतापर्यंतच्या उत्खननात घरांमध्ये उद्रेकात दगावलेल्या माणसाचा सांगाडा मिळालेला नाही, म्हणजे गावकऱ्यांना निसटायला थोडा अवधी मिळाला असावा. प्रत्येक कुटुंबाचे राहते घर, कोठार आणि स्वयंपाकघर वेगवेगळे असे. ऑब्सिडियन या ज्वालामुखीय काचेची धारदार पाती छपराच्या गवतात खोचलेली सापडली, बहुधा मुलांचा हात पोचू नये म्हणून. घुमटाकार छताचे बाष्पस्नानगृहही मिळाले.

2007 मध्ये गावाबाहेर कसावाचे वाफे उघडकीस आले. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, तोच हा कसावा. कंद मातीत सहज कुजत असल्याने माया लोक त्याची लागवड किती करीत, हे ठरवणे फार अवघड होते. इथल्या वाफ्यांत मात्र उद्रेकाच्या अगदी थोडा वेळ आधी काढणी होऊन नव्या लागवडीसाठी कांड्या आडव्या पुरलेल्या होत्या. कसावा हे परसातले जोडपीक नसून मोठ्या क्षेत्रावर घेतले जाणारे पीक होते, याचा थेट पुरावा त्यामुळे प्रथमच हाती आला.